लहानपणीचा ‘खऱ्या माणसांचा’ भयगेम आज पुन्हा खेळावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९९७-९८च्या सुमाराला डोंबिवलीत मामेभावाच्या कॉम्प्युटरवर एक गेम पाहिला होता. त्यात काढलेली चित्रं नव्हती, चक्क खरी माणसं होती. नारिंगी शर्टातली एक बाई भल्यामोठ्या वाड्यात एकटीच फिरायची. भावाकडे त्या गेमच्या दोनच सीड्या होत्या, त्यामुळे पुढे काय झालं ते कळलंच नाही, पण कितीतरी रात्री झोप उडाली होती. आता तो गेम शोधून शेवटपर्यंत खेळायचा आहे. मित्र म्हणतात, नको, आता बघितलास तर हसू येईल, उगाच आठवणीची माती होईल. शिवाय बारा वर्षांची मुलगी मागे लागली आहे, मलाही दाखवा.

मी व्हिडिओ एडिटिंगच्या धंद्यात आहे आणि त्याला जोडूनच जुन्या सीड्यांवरचे गेम आजच्या मशीनवर चालते करून द्यायचं काम बऱ्याच वर्षांपासून करतो. असे खऱ्या नटांचे गेम घेऊन येणारी माणसं जवळजवळ सगळी हाच प्रश्न विचारतात, आणि विचारताना ‘चालेल का?’ एवढंच विचारतात. चालतो. ते काम अर्ध्या तासाचं आहे, खाली सांगतोच. खरी अडचण दुसरीच असते: तेव्हा भीती नेमकी कशाची वाटली होती हे नीट माहीत नसतं, आणि चुकीच्या ठिकाणी ती शोधली की हाती काहीच लागत नाही. म्हणून आधी गेम ओळखू, मग भीतीचं बघू, आणि मशीनचं त्यानंतर.

तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून हा ‘फँटास्मागोरिया’च असावा. सिएरा कंपनीचा, १९९५ सालचा. लेखिका रोबर्टा विल्यम्स. त्याआधी ‘किंग्ज क्वेस्ट’सारखे परीकथांचे, घरातल्या सगळ्यांनी मिळून खेळायचे गेम करणारी बाई. एड्रियन ही कादंबरीकार आणि तिचा फोटोग्राफर नवरा डॉन एका जुन्या वाड्यात राहायला येतात. वाडा शंभर वर्षांपूर्वीच्या कार्नो नावाच्या जादूगाराचा. एड्रियन पहिल्या भागाच्या शेवटी तिथल्या बंद प्रार्थनाघरात पोचते, एक पेटी उघडते, आणि आत कोंडलेली दुष्ट शक्ती सुटून डॉनच्या अंगात शिरते. नारिंगी शर्ट आणि काळी पँट ही तुमची खूण अगदी पक्की आहे, कारण ती बाई सातही भाग त्याच कपड्यांत वावरते.

तरी खात्री करून घ्या, कारण त्या काळात या जातीचे बरेच गेम आले होते आणि आठवणी एकमेकींत मिसळतात. माणसं आरपार दिसणारी भुतं असतील आणि पावलोपावली कोडी अडवत असतील, तर तो १९९३चा ‘द सेव्हन्थ गेस्ट’. जर्मनीतलं म्युनिख, लांडगे आणि राजा लुडविगचे किल्ले आठवत असतील, तर जेन जेन्सनचा ‘गॅब्रिएल नाइट २’, तोही १९९५चाच. पुढचं सगळं ‘फँटास्मागोरिया’ धरून लिहितो आहे.

आता भीतीचं. हा गेम सात सीड्यांवर होता आणि कथेचे भागही सातच. एका सीडीवर एक भाग. म्हणजे तुमच्या भावाकडे दोन सीड्या असतील तर तुम्ही गोष्टीचे पहिले दोन भाग पाहिलेत. हे फार महत्त्वाचं आहे. ज्या दृश्यांमुळे हा गेम बदनाम झाला, ऑस्ट्रेलियात त्याच्यावर बंदी आली, अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीने तो ठेवायला नकार दिला, त्यातली बहुतेक पुढच्या सीड्यांवर आहेत. सुरुवातीचं दुःस्वप्न सोडलं तर पहिला भाग जवळजवळ संपूर्ण घरात फिरण्यात जातो. एड्रियन जिने चढते, दारं ढकलून बघते, आरशासमोर बसून केस विंचरते, स्वयंपाकघरात डोकावते. आरशावर क्लिक केलं की ती बसते, ब्रश उचलते, विंचरते, उठते. कथा त्याने एक इंचही सरकत नाही. पण असं तासभर केल्यावर ते घर तुमचं होतं. कुठला बोळ कुठे जातो, कुठल्या खोलीत उजेड कमी आहे, हे पाठ होतं. आणि मग त्या ओळखीच्या घरात काहीतरी बदलतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की तुम्हाला तेव्हा रक्ताची भीती वाटली नव्हती, ती दृश्यं तुम्ही बहुधा पाहिलीच नव्हती. वाट बघण्याची भीती वाटली होती, आणि दोन सीड्यांनंतर गोष्ट तुटल्यामुळे ती वाट बघणं कधी संपलंच नाही. पुढचे पाच भाग तुमच्या मनाने रात्री अंथरुणात रचले. हे एकट्या तुमचंच नाही. आपल्याकडे तेव्हा असे गेम अनेकांनी अर्धवटच पाहिले: एखादी सीडी ओरखडलेली, एखादी उसनी दिलेली परत न आलेली, किंवा घरच्यांनी कॉम्प्युटर बंद करायला लावलेला.

हे कळलं की मित्रांच्या ‘हसू येईल’ या म्हणण्याचंही उत्तर मिळतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं कदाचित येईल. अभिनय ताठर वाटेल, माणसं पार्श्वभूमीपासून सुटी वाटतील. त्यामागचं कारण धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, कारण ते कळलं की डोळा लवकर सरावतो. वाडा कॉम्प्युटरवर बनवलेला आहे. नट रिकाम्या निळ्या पडद्यासमोर उभे राहून काम करत होते, नंतर निळा भाग कापून मागे तो वाडा बसवायचा. समोर दार नाही, जिना नाही, हात कुठे टेकवायचा तेही अंदाजाने. त्यात सिनेमात नसलेली एक अडचण होती. खेळणारा कुठल्या क्रमाने काय करेल हे आधी माहीत नसतं, त्यामुळे चित्रीकरणाचा प्रत्येक तुकडा दुसऱ्या कुठल्याही तुकड्याला जोडता यायला हवा. मग नटाला दर वेळी साध्या उभ्या पवित्र्यातून सुरुवात करून पुन्हा त्याच पवित्र्यात यावं लागतं. एका प्रसंगातली थरथर पुढच्या प्रसंगात न्यायची सोयच नाही. एड्रियन काहीतरी भयंकर पाहते आणि दुसऱ्या क्षणी शांतपणे उभी राहते, ते यामुळे. व्हिक्टोरिया मॉर्सेल या नटीने या बंधनात जे काम केलं आहे त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. साडेपाचशे पानांच्या आसपासची संहिता होती ती. एरवी पूर्ण लांबीच्या सिनेमाची शे-सव्वाशे पानांची असते.

आता मोठेपणी काय होईल? माझ्याकडच्या अनुभवावरून सांगतो, पण हे माणसागणिक बदलतं, आणि तुमचं घर, लग्न, वय यांवर बरंच अवलंबून आहे. लहानपणी भीती कार्नोची वाटते, अंधारातल्या त्या शक्तीची. चाळिशीत खेळताना भीती डॉनची वाटते. हा गेम एका बाईचा नवरा हळूहळू बदलत जाण्याचा आहे. आधी तुसडेपणा. मग टेलिफोन जोडायला आलेल्या माणसावरून संशय. एड्रियन त्या माणसाशी दोन शब्द बोलते काय, आणि डॉन ज्या आवाजात तिला विचारतो, तिथे मी माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना खुर्चीत सावरून बसताना पाहिलं आहे. त्या प्रसंगात भूत नाही, रक्त नाही, संगीतही फारसं नाही. स्वतःच्याच घरात नवऱ्याचा मूड सांभाळत, आवाज न करता वावरणारी बाई आहे. ते काय असतं हे दहा वर्षांच्या मुलाला कळत नाही, कळायचं कारणही नसतं. वय वाढल्यावर कळतं. कार्नोच्या बायकांची हकीकतही मग नुसती भुताटकी राहत नाही. त्याने एकीमागून एक बायका मारल्या, आणि एड्रियनला त्या वाड्यात त्यांची मरणं दिसत जातात: एकीला झाडांचा शौक, एक दारूत बुडालेली, एक सतत बोलणारी. जिचा जो स्वभाव किंवा छंद, त्यावरूनच तिला मारण्याची तऱ्हा. लहानपणी तो प्रकार किळसवाणा वाटला असता. आता त्यातली द्वेषाची बारीक आखणी दिसते, आणि ती जास्त छळते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नंतर धक्का नको. गेममध्ये डॉन एड्रियनवर बलात्कार करतो असा एक प्रसंग आहे. तो दाखवलेला आहे, नुसता सुचवलेला नाही. त्या प्रसंगावरून तेव्हाही खूप वाद झाला आणि माझ्या मते तो अजूनही उघडाच आहे: कथेला त्याची गरज होती असं मानणारे आहेत, नव्हती असं मानणारेही आहेत. मला स्वतःला असं वाटतं की डॉनच्या वागण्याची चढण त्याच्याआधीच पुरेशी स्पष्ट झालेली असते, आणि तो प्रसंग झाल्यावर गेम त्याच्याकडे जितकं थांबून बघायला हवं तितकं बघत नाही. पुन्हा क्लिक करत खोल्या फिरायला लावतो. घरात कुणाला अशा आठवणी असतील तर हा गेम हॉलमध्ये मोठ्या आवाजात लावू नका.

मशीनचं आता. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे गॉग या ऑनलाइन दुकानावरून गेम विकत घ्या. डाउनलोड होतो, सीड्यांची भानगड नाही. तो तिथल्या तयार मांडणीत चालतोच, पण मी त्याच्या फाइली स्कमव्हीएम नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये घालून चालवायला सांगतो. सिएराचे त्या काळातले हे गेम २०१७च्या शेवटी आलेल्या आवृत्तीपासून त्यात नीट चालतात, विंडोज, मॅक, लिनक्स कशावरही. कुणाकडे मूळ सीड्या असतील तर त्या थेट ड्राइव्हमधून चालवत बसू नका. आधी सातही कॉपी करून घ्या. त्यांच्यावरच्या मुख्य फाइलींचं नाव एकच, शेवटचा क्रमांक तेवढा सीडीगणिक वेगळा असतो, त्यामुळे सगळ्या एकाच फोल्डरमध्ये सुखाने राहतात.

पडद्याबद्दल मात्र जरा हट्टाने सांगतो, कारण इथेच लोक गेमची वाट लावतात. मूळ चित्र ६४० बाय ४८० ठिपक्यांचं, २५६ रंगांचं. तेव्हाचा दुप्पट वेगाचा सीडी ड्राइव्ह सेकंदाला साधारण ३०० केबी वाचायचा, आणि चित्र-आवाज सगळं तेवढ्यात बसवायचं होतं. त्यासाठी व्हिडिओत एक ओळ चित्राची, एक ओळ काळी, अशी युक्ती केली. जुन्या फुगीर काचेच्या मॉनिटरवर प्रत्येक ओळीचा उजेड थोडा पसरायचा, शेजारची काळी ओळ त्यात भरून जायची आणि चित्र सलग वाटायचं. तेच चित्र ५५ इंची टीव्हीवर ताणलं की तोंडावरच्या डागांखेरीज काही दिसत नाही.

मी असं करतो: साधा १०८० ओळींचा मॉनिटर, चित्र बरोबर दुप्पट, म्हणजे १२८० बाय ९६०. बाजूला काळी जागा राहते, राहू द्या. स्कमव्हीएमच्या सेटिंगमध्ये त्या काळ्या ओळी दाखवायच्या की नाहीत याचा पर्याय आहे. दोन्ही करून बघा. मला ओळींसकट आवडतं. काळ्या ओळींमुळे डोळा मधलं स्वतः भरतो आणि चित्र आहे त्याहून रेखीव वाटतं. ओळी काढल्या की रंग उजळतात, पण सगळं जरा लोण्यासारखं होतं. तुमच्या डोळ्याला काय मानवतं ते तुम्हीच ठरवा.

एआयने धारदार केलेले व्हिडिओ कुठे मिळाले तर घेऊ नका. असला प्रोग्रॅम चित्रातली दाबादाबीची कचकच (व्हिडिओ कमी जागेत बसवताना आलेले डाग) आणि खरा तपशील यांत फरक करू शकत नाही. कचकच घेऊन त्यातूनच कातडी, पापण्या, केस रचतो. चेहरे मेणाचे होतात. निळा पडदा कापताना राहून गेलेली कडा, जी मूळ चित्रात धूसर होती, ती ब्लेडसारखी स्पष्ट होते. मग माणूस वाड्यात उभा वाटेनासा होतो, कापून चिकटवल्यासारखा वाटतो. ‘सेव्हन्थ गेस्ट’च्या मंडळींची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. त्यांच्या चित्रीकरणात नटांभोवती अशीच कडा राहिली होती आणि ती काही केल्या निघत नव्हती. त्यांनी ती झाकली नाही. माणसांची भुतं करून टाकली. त्या गेमचा सगळा चेहरामोहरा त्या कडेवर उभा आहे. अशा कडा पुसायला निघालेल्या माणसाला मी तरी अडवेन.

आवाजासाठी हेडफोन घ्या. मार्क सीबर्टचं संगीत आहे, त्यातलं समूहगायन छोट्या स्पीकरवर मारलं जातं. आणि हेडफोनमुळे वाड्यातली शांतताही ऐकू येते.

खेळायचं कसं? एका बैठकीला एकच भाग. त्या काळी सीडी बदलताना आपोआप थांबा मिळायचा. उठून पाणी प्यायचं, मागे वळून बघायचं. आता एक भाग संपला की दुसरा लगेच सुरू होतो आणि लोक एका शनिवारात सगळं उरकतात. मग पहिल्या तीन भागांतलं ते संथ फिरणं कंटाळवाणं वाटतं, पुढचं सगळं एकदम अंगावर येतं आणि डॉनचा बदल ‘अचानक’ वाटतो. तो अचानक नाहीच, भागाभागाने रचलेला आहे. पहिल्या भागात आरसा, पलंग, नळ, खिडक्या, सगळ्यावर क्लिक करा, उपयोग नसला तरी. अडलात तर यूट्यूबवर उत्तर शोधू नका, कारण तिथे कोड्याच्या उत्तराबरोबर शेवटही दिसतो. पडद्यावर लाल कवटी आहे, ती विचारल्यावर पुढची दिशा सांगते, आणि तिचा सल्ला बहुतेक वेळा पुरतो. कोडी तशी सोपीच आहेत. अपवाद सातव्या भागाचा. तिथे चाल एकदम बदलते, वेळेचं बंधन येतं, क्षणभर उशीर झाला की एड्रियन मरते. आधीच्या भागांत गोळा केलेल्या वस्तू इथे लागतात, म्हणून मागे काही पडलेलं दिसलं की उचलत चला. पहिल्यांदा मराल, बहुतेक सगळे मरतात. त्या वेळी माऊस हातात घट्ट धरून बसलेल्या माणसाला अभिनय ताठर आहे का हे सुचतही नाही, असं मी दर वेळी बघितलं आहे.

तुमच्या बाबतीत आणखी एक करा. आठवणीतला गेम कसा संपत होता ते सुरू करण्याआधी कागदावर लिहून काढा: तुम्ही तेव्हा मनात रचलेला शेवट. कारण एकदा खरा शेवट पाहिला की तो रचलेला शेवट काही दिवसांत पुसला जातो आणि परत आठवत नाही. माती होते ती याची. गेमची किंवा लहानपणाची नव्हे. लिहून ठेवलंत तर दोन्ही राहतात. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हे हमखास करायला लावतो, आणि काहींचे शेवट मूळ शेवटापेक्षा सरस निघाले आहेत.

मुलीचं. ‘फँटास्मागोरिया’ बाराव्या वर्षी नाही. डब्यावर १७ वर्षांवरचा शिक्का होता आणि तो योग्यच होता. गेममध्ये पासवर्ड लावून भयानक दृश्यं झाकायची सोय आहे, लोक मला ती दाखवून विचारतात, मग चालेल ना? झाकली जातात ती दृश्यं. डॉनचं घरातलं वागणं झाकलं जात नाही, आणि माझ्या मते मुलीशी आधी बोलायला हवं ते त्याबद्दल. ती १६-१७ची झाली की सोबत बसून खेळा आणि मधे थांबवून बोला.

तिला आत्ताच काही दाखवायचं असेल तर ‘सेव्हन्थ गेस्ट’ घ्या, पण तिच्या हातात देऊन निघून जाऊ नका, शेजारी बसा. त्यात खेळणी बनवणारा स्टॉफ आहे, त्याच्या बाहुल्यांबरोबर येणाऱ्या आजाराने मुलं दगावतात. काही मुलांना ते जड जातं, काहींना नाही, तुमची मुलगी तुम्हाला माहीत. कोडी मात्र उत्तम आहेत. सुरुवातीलाच जेवणघरात एक केक आहे, त्याच्यावर कवट्या आणि थडगी. त्याचे सहा सारखे वाटे करायचे, प्रत्येक वाट्यात दोन कवट्या, दोन थडगी आणि एक साधा तुकडा, आणि एका वाट्यातले सगळे तुकडे एकमेकांना लागून हवेत. माऊस तिच्या हातात द्या. पुढे प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाचं एक कोडं येतं, तिथे कॉम्प्युटरच प्रतिस्पर्धी असतो आणि तो फार हुशार खेळतो. स्कमव्हीएममध्ये त्याला सोपा करायचा पर्याय आहे, तो आधीच लावून ठेवा, नाहीतर एका संध्याकाळीच तिचा धीर सुटेल.